दोन चिपट्यांचं एक मापटं

आमच्या भागात पाऊस आला की माणसं घरात पळत नाहीत, घराबाहेर येतात. ओट्यावर उभी राहून आभाळाकडं बघतात, हात पुढे करून थेंब झेलतात आणि शेजाऱ्याला विचारतात, "पडंल का हो चांगला?" निमगाव केतकीचं नाव तुम्ही ऐकलं असेल तर ते पानमळ्यांमुळे, डाळिंबांमुळे, नाहीतर आषाढात तुकोबांची पालखी इथं मुक्कामाला असते म्हणून. पावसासाठी आमचं नाव कुणी घेत नाही. इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. वर्षभराचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बराचसा सप्टेंबरात, पोरांची सहामाही परीक्षा जवळ आली की. त्यामुळे लहान मुलांना पावसात घरात कसं रमवायचं हा प्रश्न आमच्या गावात कधी कुणाला पडलाच नाही. पावसाला पैशाचं आमिष दाखवून बोलवायचं गाणं आम्हाला येतं. आता पुरे, परत जा, असं सांगायचं गाणं काही कुणी शिकवलं नाही.

आणि मग २०२५ चा मे महिना आला. भर वैशाखात, ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत, आभाळ फाटलं. सुरुवातीला आम्ही वळीव म्हणून कौतुक केलं. वळीव कसा, तासभर धिंगाणा घालून निघून जातो. हा जाईचना. २५ मेला तर बारामती-इंदापूर भागात कहर झाला. बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला, रस्ते पाण्याखाली गेले, घराघरांत पाणी शिरलं. दुसऱ्याच दिवशी मान्सून मुंबईपर्यंत पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. इतका लवकर तो पस्तीस वर्षांत आला नव्हता म्हणे. ऑक्टोबर २०२० चा पूर आम्ही पाहिलेला होता, पण तेव्हा घरात मी एकटीच होते. या वेळी घरात अडीच वर्षांचा नातू होता.

नातवाचं नाव रेयांश. अर्थ मला विचारू नका, मी मराठी घेऊन बी.ए. केलंय पण मला तो शब्दकोशात सापडला नाही. मी त्याला बाळू म्हणते. मुलगी पुण्यात असते, दोघंही नोकरी करतात. ती त्याला घेऊन आठ दिवसांसाठी आली होती ती एक ठरवून. बाळू बोलत नव्हता. म्हणजे अगदीच मुका नव्हता, आई, पाणी, नको, भू असे दहा-बारा शब्द होते. पण या वयाची मुलं दोन-तीन शब्द जोडून बोलतात, ते नव्हतं. कान तपासून झाले, ते उत्तम निघाले. डॉक्टरांनी सांगितलं, मोबाईल बंद करा, त्याच्याशी बोला, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगून ठेवलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाभरापेक्षा जास्त पडद्यासमोर बसवू नये, आणि कमी तितकं बरं. मुलीला हे पाठ होतं. पण सकाळी नऊला मीटिंग असताना पोराला भरवायचं कसं, हे त्या संघटनेनं तिला सांगितलेलं नव्हतं.

तर तिचा विचार असा की आजीकडे मोठं अंगण आहे, शेजारी गाय आहे, मागे पेरूचं झाड आहे, तिथं मोबाईल आपोआप सुटेल. आणि आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून अंगणाचं तळं झालं.

तिसऱ्या दिवशी वीज गेली. फोन संध्याकाळपर्यंत टिकला. तो काळा पडला तेव्हा बाळूनं तो आधी आईला दिला, मग मला आणून दिला, मग जमिनीवर आपटला आणि मग जे रडणं सुरू केलं ते मी घड्याळात बघितलं, चाळीस मिनिटं. चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. एका वर्गात साठ-साठ पोरं सांभाळली. पण माझी पोरं सहा वर्षांच्या पुढची. "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हटलं की वर्ग गप्प. अडीच वर्षांच्या माणसाला हाताची घडी घालता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

रात्री मेणबत्तीच्या उजेडात मी चक्क पाठाचं टाचण काढलं. हसू नका. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती, पण सवय. नऊ ते साडेनऊ चित्रकला, साडेनऊ ते दहा कागदकाम, दहा ते साडेदहा गोष्ट, अकरा वाजता वर्गीकरण. मुलगी बघत होती, काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी चित्रकला सहा मिनिटं चालली, त्यातली दोन मिनिटं खडू त्याच्या तोंडातून काढण्यात गेली. होड्या मी केल्या, त्यानं त्या उलगडल्या आणि फाडल्या. फाडण्यात मात्र रमला, पण ते माझ्या टाचणात नव्हतं, म्हणून मी कागद काढून घेतले. (आता वाटतं, फाडू द्यायचं होतं. रद्दीला काय तोटा?) कोल्ह्याची गोष्ट मी आवाज बदलून बदलून सांगितली, तेवढ्यात तो पलंगाखाली जाऊन बसला.

मग वर्गीकरण. बालशिक्षणाच्या पुस्तकांत असतं ना, निरनिराळ्या बिया एकत्र करायच्या आणि मुलांनी त्या वेगवेगळ्या करायच्या. मी ताटात हरभरे आणि चिंचोके मिसळून त्याच्यापुढे ठेवले. दोन वाट्या दिल्या. तो खरंच बसला. बोटांच्या चिमटीत एकेक दाणा धरून वाटीत टाकायला लागला. मला इतका आनंद झाला की मी उठून स्वयंपाकघरात भात लावायला गेले. किती वेळ? दोन मिनिटं असतील, फार तर तीन.

परत आले तर तो नाकाला हात लावून बसलेला. रडत नव्हता. नुसता आश्चर्य वाटल्यासारखा बघत होता. उजव्या नाकपुडीत हरभरा.

त्यानंतरची दहा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. मी चिमटा शोधत होते एवढं आठवतं. मुलीनं माझ्या हातातून चिमटा ओढून घेतला, ते बरं झालं. तिच्या फोनला रात्रीच प्राण उरला नव्हता. माझ्या बटणाच्या फोनला थोडी चार्जिंग होती, त्यावरून ओळखीच्या डॉक्टरांना लावला. रस्त्यावर गुडघाभर पाणी, यायला-जायला मार्ग नाही. त्यांनी आधी विचारलं, काय घातलंय? बटण सेल नाही ना? सेल असता तर एक मिनिट थांबायचं नव्हतं, पाण्यातून का होईना पण निघायला हवं होतं. हरभरा म्हटल्यावर म्हणाले, हरभरा ओला झाला की फुगतो, म्हणून उशीर नको, पण घाबरूही नका. चिमट्यानं काढायला जाऊ नका, आत ढकलला जाईल. मग मुलीला फोनवर सांगितलं, त्याला मांडीवर घे, मोकळी नाकपुडी बोटानं दाबून धर, त्याच्या तोंडावर आपलं तोंड घट्ट टेकव आणि एकदाच, छोटीशी, जोरात फुंकर मार. जमलं नाही तर काहीही करून इकडे आणा.

पहिल्या फुंकरीला काही झालं नाही. दुसऱ्या फुंकरीला हरभरा शेंबडासकट तिच्या गालावर येऊन चिकटला. बाळू हसला. त्याला तो खेळ वाटला, त्यानं पुन्हा तोंड पुढं केलं. आम्ही दोघी मात्र जमिनीवरच बसून राहिलो. भात करपल्याचा वास आला तेव्हा उठलो.

डॉक्टरांनी नंतर एक खूण सांगितली ती तुम्हालाही सांगते. पूर्वी कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी मिळायची, आठवते? त्या डबीत मावेल अशी कुठलीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती एकट्यानं द्यायची नाही. हरभरा, शेंगदाणा, मणी, गोटी, चिंचोका, सगळं त्यात आलं. मी अर्धं आयुष्य शिक्षिका होते आणि मला हे माहीत नव्हतं. सहा वर्षांची पोरं चिंचोक्यांनी सारीपाट खेळतात. अडीच वर्षांचं पोर चिंचोका चाखून बघतं.

त्या रात्री बाळू लवकर झोपला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मुलीला म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "असू दे गं." थोड्या वेळानं अंधारातच म्हणाली, "आई, तुला आठवतं का, पावसात मला शाळेत न्यायचीस ते?"

आठवतं की. ती १९८८ ची, माझं शेंडेफळ. सासूबाई तोवर गेल्या होत्या. एरवी ती शेजारच्या काकूंकडे राहायची, पण पावसात काकूंचं घर गळायचं, म्हणून मी तिला बरोबर न्यायची. शाळेची एकच खोली कोरडी असे. चारही वर्ग त्या खोलीत कोंबलेले, आम्ही दोघं शिक्षक, आणि कोपऱ्यात पोत्यावर ही. मी तिला पाटी-पेन्सिल दिली की माझं कर्तव्य संपलं. ती पेन्सिल खायची. दोन-तीन वर्षं असं चाललं.

"मला बाकीचं आठवत नाही," ती म्हणाली. "एवढंच आठवतं की मी तुला आई म्हटलं की तू रागवायचीस. शाळेत बाई म्हणायचं म्हणायचीस. सगळी म्हणतात तसं."

खरं आहे. म्हणायची मी. स्वतःच्या पोरीचे लाड करते असं कुणी बोलायला नको, वर्गात शिस्त राहायला हवी, असली काहीतरी कारणं होती. सगळं गाव मला आजही बाई म्हणतं आणि मला त्याचा अभिमान आहे. पण चार वर्षांच्या पोरीनं पावसात आईपासून दहा फुटांवर बसून तिला बाई म्हणायचं, हे मी कधी तिच्या बाजूनं पाहिलंच नव्हतं. मी काही बोलले नाही. काय बोलणार? ती पण मग झोपली असावी.

पहाटे जाग आली. पाऊस चालूच. पीठ संपत आलेलं, गिरणी बंद, म्हणून म्हटलं ज्वारी तरी काढून निवडून ठेवावी. कणगीतून काढायला मापं लागतात. आमच्या घरात सासूबाईंच्या वेळची मापं अजून आहेत, चिपटं, मापटं, शेर आणि अधोली. १९५६ च्या कायद्यानं दशमान पद्धत आली, दुकानातून ही मापं गेली, तरी घरांतून गेली नाहीत. तुमच्यातल्या तरुण मंडळींसाठी सांगते, दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट.

मी जमिनीवर चादर अंथरून ज्वारीचं सूप घेऊन बसले. बाळू उठून डोळे चोळत आला आणि माझ्यासमोर बसला. मी त्याला काहीही करायला सांगितलं नाही, माझं लक्ष खड्यांत होतं. त्यानं चिपटं उचललं. सुपात बुडवलं, भरलं आणि मापट्यात ओतलं. थांबला. आत डोकावून बघितलं. मापटं अर्धं भरलेलं. पुन्हा चिपटं भरलं, ओतलं. मापटं काठोकाठ भरलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मग त्यानं मापटं उपडं केलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

किती वेळ म्हणाल? मी खडे काढून, सूप पाखडून, दुसरं सूप घेईपर्यंत तो तेच करत होता. पाऊण तास तरी. मुलगी उठून दारात येऊन उभी राहिली, मी तिला बोटानंच गप्प राहायला सांगितलं. ज्वारीचा दाणाही नाकात जाऊ शकतो, हे आदल्या दिवशी शिकले होते, म्हणून या वेळी हातभर अंतर सोडून हलले नाही. भात लावायचा नव्हता की चहा ठेवायचा नव्हता. तो ओतायचा आणि मी तोंडानं म्हणायचे, "ओत. भरलं. सांडलं. अजून ओत." शिकवायचं म्हणून नाही. माणूस काम करताना पुटपुटतो तसं.

मी तिसरी-चौथीला अपूर्णांक शिकवले, वर्षानुवर्षं. फळ्यावर वर्तुळ काढून त्याचे भाग करायचे, अर्धा, पाव. निम्म्या पोरांना कळायचं नाही आणि मी चिडायचे. आणि अर्धा म्हणजे काय ते सांगणारं भांडं माझ्या स्वयंपाकघरात कणगीशेजारी पडलेलं होतं. कणगीतून रोज दाणे काढत होते मी त्यानं! बाळूला अपूर्णांक कळला असं मी म्हणत नाही. दोनदा ओतलं की भरतं, एवढं त्याच्या हाताला कळलं.

डी.एड.ला असताना आम्हाला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक परीक्षेपुरते होते. गिजुभाईंनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, एवढं लिहिलं की गुण मिळायचे. पुढे कधीतरी अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचलं तेव्हा चांगलं पुस्तक म्हणून वाचलं आणि ठेवून दिलं. त्या दिवशी दुपारी ते आठवलं. ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघर) बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हाच अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ ला ते काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली वस्तीत. माँटेसरी बाईंची साधनं सुरेख, पण महाग. खेड्यात ती कुठून आणणार? म्हणून शिंपले, दगड, बिया, पानं, माती, घरातली भांडी हीच साधनं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची. त्यातूनच अंगणवाडीची कल्पना रुजली, आणि पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारी योजनेत आली. तिकडे पाऊस म्हणजे कोकणातला पाऊस, आमच्यासारखा पाहुणा नव्हे. चार महिने अंगणच नाही! त्या बायांनी काय केलं असेल, असं मनात येत राहिलं. मी वर्षभरात मोजके पावसाचे दिवस असलेल्या गावात राहून माझ्या एका पोरीला पोत्यावर बसवून ठेवलं.

अंगणवाडीतही खेळ आणि शिकणं आहे ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. त्याखालच्यांना आहार, लसीकरण, वजन. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा आणला, त्यात घरी आणि अंगणवाडीत करायच्या १४० कृती दिल्या आहेत. चांगलं झालं, फार उशिरा झालं. शहरात म्हणे पावसाळ्यात मुलांना गुंतवायचे खोकेच विकत मिळतात. आत प्लास्टिकची केळी, प्लास्टिकचा चमचा, प्लास्टिकची लाटी. मुलीच्या घरीही आहे असा एक. बाळू त्याला हात लावत नाही. त्याला कळतं की ते खोटं आहे, आणि आई खऱ्या लाटणं-पोळपाटाशी आपल्याशिवाय काहीतरी करतेय.

पुढचे चार दिवस मी टाचण काढलं नाही. जे काम माझ्यापुढे असेल ते त्याच्यापुढे. कणकेचा गोळा दिला, त्याच्या आठ काळ्या पोळ्या झाल्या, दोन त्यानं खाल्ल्या. टोपलीतले कांदे त्यानं पलंगाखाली नेऊन ठेवले आणि मग मोठे तेवढे परत आणले, छोटे नाही. का, ते त्यालाच ठाऊक. परातीत चार बोटं पाणी घालून ओढ्यातल्या गोट्यांऐवजी वाट्या-पेले तरंगवले. परात उपसल्यावरच मी जागेवरून उठायचे, कारण बादलीभर पाणीसुद्धा एवढ्या पोराला पुरतं. दोन खुर्च्यांवर माझं नऊवारी टाकून तंबू केला. त्यात तो एकटा बसे आणि आतून पाय बाहेर काढून दाखवी. पालखीला अजून महिनाभर होता, तरी आम्ही दिंडी काढली. मी पुढे, बाळू मागे दोन झाकणं वाजवत, मुलगी शेवटी बाळूला झोप यावी अशी प्रार्थना करत. माजघर, स्वयंपाकघर, पडवी, परत माजघर. पंचाहत्तरीला आलेल्या गुडघ्यांना ती दिंडी फार झाली, तिसऱ्या फेरीनंतर मी मुक्काम जाहीर केला.

सगळ्यात मोठी गंमत शेजारच्या वहिनींच्या पडवीत झाली. त्यांचा पानमळा आहे. पावसाआधी खुडलेली पानं घरात पडून होती, रस्ता बंद म्हणून बाजाराला जाता येत नव्हती आणि रोज काही काही काळी पडत होती. त्या बिचाऱ्या ओल्या फडक्यावर पानं पसरून चांगली-वाईट वेगळी करत बसलेल्या. नुकसान डोळ्यांसमोर दिसत होतं. तरी बाळू जाऊन बसला तेव्हा म्हणाल्या, "बसू द्या हो बाई, तेवढीच करमणूक." त्यांनी मोठी पानं एका बाजूला, छोटी दुसऱ्या बाजूला केली. बाळू त्यांचे हात बघत राहिला. मग एक पान घेतलं, आपल्या तळहातावर ठेवून बघितलं. पान हातापेक्षा मोठं, म्हणून मोठ्यांत ठेवलं. दुसरं घेतलं. वर्गीकरण! माझ्या ताटातल्या हरभऱ्या-चिंचोक्यांनी जे करायचं होतं ते त्यानं इथं केलं, आणि पान काही नाकात जात नाही. शंभरेक पानं त्यानं लावली. अर्धी चुकीच्या ढिगात. वहिनींनी ती त्याच्या नकळत परत जागेवर ठेवली. असा मोठेपणा मला शिक्षिका असताना जमला नाही.

अठ्ठावीस तारखेला उघडीप मिळाली, वीज आली. फोन चार्ज झाला, टणटण वाजला. बाळूनं त्याच्याकडं बघितलं, धावत गेला, हातात घेतला, मागितला, रडलासुद्धा. उगाच खोटं कशाला सांगू? चार दिवसांत मोबाईल सुटत नाही. पण रडणं दहा मिनिटांत संपलं, आणि मग तो स्वयंपाकघरात गेला आणि चिपटं घेऊन मुलीसमोर उभा राहिला. चिपटं रिकामं होतं. त्यानं ते तिच्यापुढे धरलं आणि म्हणाला, "ओत."

मुलीनं माझ्याकडं बघितलं नाही. डबा उघडला आणि ओतलं.

निघताना ती म्हणाली, "आई, ही मापं देतेस?" म्हटलं, सगळी ने. तिनं चिपटं आणि मापटं घेतलं. शेर-अधोली ठेवून गेली, पुण्याच्या ओट्यावर जागा नाही म्हणाली. गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाली, "येते गं बाई." मी पाहतच राहिले. ती हसत होती.

पुढे श्रावणात एकदा रात्री तिचा फोन आला. बोलण्याचे वर्ग सुरू आहेत, डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. शब्द मोजले तर चाळीसच्या आसपास, वाक्य अजून नाही. पूर्वी ती व्हिडिओ लावून त्याला दाखवायची, आता फोन त्याच्यासमोर धरत नाही, त्यामुळे मला तो दिसत नाही. पुण्यात त्या दिवशी झड लागली होती. मी विचारलं, काय करतोय? ती म्हणाली, ऐक. आणि तिनं फोन जमिनीशी नेला. तूरडाळ ओतल्याचा आवाज आला. मग थांबला. मग परत आला.